पैवस्ती, पोचपावती आणि बारकोड : पनवेलच्या वाटेवरील टपालनोंदीचा विचार

जुन्या पनवेल शहरात ‘टपाल नाका’ या नावाचा एक भाग आहे. त्या नाक्याच्या आसपास आता दुचाकीवर मोठी चौकोनी थैली लादून पुडकी पोचविणारे तरुण दिवसभर हिंडताना दिसतात. दारात उभे राहून ते पुडक्यावरील काळ्या रेघांच्या पट्टीसमोर हातातील यंत्र धरतात आणि पुडके पोचल्याची नोंद दूरच्या एखाद्या संगणकात क्षणार्धात होते. ही नोंद कोणी केली, कोणासाठी केली आणि पुरावा म्हणून तिला किती वजन द्यावे, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. कागदपत्रांच्या बाबतीत तो ते रोजच विचारीत असतो. टपालाच्या इतिहासलेखनात आजवर वेगाचे कौतुक पुष्कळ झाले. हरकाऱ्याला किती दिवस लागत आणि आगगाडीला किती तास, याची कोष्टके अनेकांनी मांडली. परंतु वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची साक्ष कोण देत असे, या प्रश्नाकडे तितके लक्ष गेलेले नाही. बारकोडाचे खरे नवेपण वेगात नसून या साक्षीच्या बदलात आहे, असे दिसते. पनवेल हे गाव शतकानुशतके टपालाच्या वाटेवर असल्यामुळे हा बदल तेथे विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जाई. टपालाचीही हीच वाट होती. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा रस्ता चाकाच्या गाड्यांना खुला झाला आणि पनवेलचे महत्त्व वाढले. १८५२ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली, यावरून त्या काळातील गावाच्या भरभराटीची कल्पना येते. ‘टपाल’ या शब्दाचे नाते ‘टप्पा’ या शब्दाशी जोडण्याचा मोह अशा गावी सहज होतो. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस ते उतरो वा न उतरो, टपालाचे स्वरूप मात्र त्यातून नेमके व्यक्त होते. टपाल म्हणजे टप्प्याटप्प्याने होणारे हस्तांतर, आणि हस्तांतर म्हटले की नोंद आली.

मराठी दप्तरात ही नोंद ठेवण्याची एक पक्की रीत होती. पत्र रवाना केल्याची तिथी लेखक घाली; ते ज्याला पावले त्याच्याकडील कारकून त्याच कागदावर ‘पैवस्ती’ म्हणून पोचल्याची तिथी टिपून ठेवी. मोडी कागदपत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द आणि त्याचे ‘पै॥’ हे संक्षिप्त रूप परिचयाचे आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले. त्यांतील पत्रांचा उपयोग करताना पत्र लिहिल्याची तिथी आणि ते पावल्याची तिथी यांत भेद करावाच लागतो. एखादी बातमी पेशव्यांस कोणत्या दिवशी कळली हे ठरविण्यास लिहिल्याची तिथी निरुपयोगी असते. तेथे पैवस्तीच कामी येते. या रीतीतील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, पोचल्याची नोंद पत्र घेणारा करी, आणणारा जासूद नव्हे. दुसरी ही की, ती नोंद खुद्द वस्तूवरच होई. पत्र जेथे जाईल तेथे त्याच्या प्रवासाची साक्षही त्याच्याबरोबर जाई.

इंग्रजी अमदानीत या रीतीचे रूप पालटले. १८५४ च्या कायद्याने सर्व हिंदुस्थानासाठी पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा अंतरनिरपेक्ष दर ठरला आणि पत्रव्यवहार सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. एकोणिसाव्या शतकातील लिफाफ्यांच्या पाठीवर वाटेतील कचेऱ्यांचे आणि पोचण्याच्या ठिकाणचे शिक्के उमटलेले आढळतात. तिकिटे जमविणारे लोक हे शिक्के वाचून पत्राचा मार्ग पुन्हा उभा करतात. मात्र हे शिक्के कचेरीचे होते, घेणाऱ्याचे नव्हते. घेणाऱ्याची साक्ष हवी असेल त्याला रजिस्टर पत्राचा मार्ग मोकळा होता. त्याला क्रमांक मिळे; तो क्रमांक पाठविणाऱ्या कचेरीच्या वहीत चढे; थैलीबरोबर यादी जाई; पुढील कचेरीचा कारकून यादी आणि नग ताडून पाही. अखेरीस पोस्टमन ते पत्र घेणाऱ्याची सही घेऊन देई आणि पोचपावती पाठविणाऱ्याकडे परत जाई. ही व्यवस्था संथ होती, कागदखाऊही होती. परंतु तिच्यात प्रत्येक हस्तांतराला दोन पक्ष होते, एक देणारा आणि एक घेणारा, आणि दोघांपैकी एकट्याने नोंद पुरी करणे कठीण होते.

कायद्यानेही या व्यवस्थेवर भरवसा टाकला. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या २७ व्या कलमानुसार, योग्य पत्ता लिहून, पुरा आकार भरून रजिस्टर टपालाने पाठविलेला कागद, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचला असेच मानले जाते. हे गृहीतक वाटते तितके निरुपद्रवी नाही. नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० पासून ज्या पनवेल तालुक्यात शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, तेथे नोटीस कधी पोचली, कोणाच्या हाती पोचली, हा प्रश्न केवळ पुस्तकी ठरत नाही. मुदत त्या दिवसापासून मोजली जाते.

व्यापाराच्या दृष्टीने १८७७ हे वर्ष अधिक महत्त्वाचे होय. त्या वर्षी टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल, म्हणजे बोलीभाषेतील व्ही. पी., पद्धत सुरू केली. वस्तू घरी आल्यावर पैसे द्यावयाचे आणि ते टपालखात्याने व्यापाऱ्याकडे पोचवावयाचे, अशी ती योजना होती. मुंबई-पुण्याची पुस्तके, औषधे, घड्याळे कोकणातल्या आणि देशावरल्या गावी जाऊ लागली ती या मार्गाने. न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास ठेवण्याची सवय खेड्यातल्या गिऱ्हाइकाला व्ही. पी. ने लाविली, असे म्हणण्यास हरकत नाही. २०१० साली फ्लिपकार्टने ‘घरपोच मिळाल्यावर पैसे’ ही सोय सुरू केली तेव्हा तिचे नवी कल्पना म्हणून स्वागत झाले. ती सव्वाशे वर्षांहून जुनी होती. पैसा मध्ये आला की पोचल्याची नोंद ही हिशेबाची नोंद होते, आणि हिशेबाची नोंद कोणाच्या हाती आहे याला मग अधिक महत्त्व येते.

दरम्यान पनवेल वाटेवरून बाजूला पडले होते. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, ती कल्याण-कर्जतमार्गे. बंदर, होड्या आणि घोडागाड्या यांवर उभे राहिलेले गाव शंभर वर्षे रेल्वेविना राहिले. १९६० नंतरच्या दशकात दिव्याहून रूळ आले. पुढे कळंबोलीपासून निघणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, १९८९ पासून न्हावाशेव्याचे बंदर चालू होतेच, आणि पनवेल पुन्हा मालाच्या वाटेवर आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी तालुक्यात नव्या विमानतळाचेही उद्घाटन झाले.

या जुन्या वाटेची एक खूण अनपेक्षित ठिकाणी टिकून आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशभर पिन कोड सुरू झाला. त्याची रचना टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची होती. सारख्या नावांची गावे, अनेक लिप्या आणि अपुरे पत्ते यांच्या गोंधळावर सहा आकड्यांचा उपाय त्यांनी योजिला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन वाटपाच्या कचेरीचे. पनवेलचा पिन ४१०२०६. खोपोलीचा ४१०२०३, खंडाळ्याचा ४१०३०१, लोणावळ्याचा ४१०४०१, तळेगावचा ४१०५०६. उलट पनवेलच्या शेजारचे, त्याच रायगड जिल्ह्यातील उरण ४००७०२ म्हणून मुंबईच्या ‘४००’ मध्ये मोडते. म्हणजे महसुली जिल्ह्याची सीमा एक, आणि टपालाची सीमा दुसरी. ‘४१०’ हे तीन आकडे पनवेलपासून घाट चढून मावळात उतरणारी जुनी वाटच जणू गिरवितात. शहर मुंबईला जोडले गेले, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, तरी खारघर ४१०२१०, कामोठे ४१०२०९ आणि कळंबोली ४१०२१८ हे नवे नागरी भाग आजही घाटवाटेच्या अंकाखाली राहतात.

पिन कोड हा गंतव्याचा अंक आहे. तो वाचणाऱ्याला नग कोणीकडे टाकावा हे कळते. त्यासाठी दुसरीकडे विचारावे लागत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांची खूणही याच जातीची. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यात डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे असतात. डबा कोणत्या स्थानकावरून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यावयाचा, हे सर्व त्या खुणेत असते. मालकाचे नाव मात्र नसते. डबा एका फेरीत अनेक हातांतून जातो आणि प्रत्येक हाताला ती खूण वाचता येते. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून मुंबईस आलेल्या या माणसांचे शालेय शिक्षण बहुधा बेताचेच असे. तथापि त्यांनी रचलेली लिपी माणसाने वाचावयाची होती, आणि वाचणारा तिचा अर्थ जाणत होता.

बारकोड याच्या नेमका उलट आहे. त्याचा जन्म अमेरिकेतील किराणा दुकानाच्या गरजेतून झाला. फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल संस्थेतील बर्नार्ड सिल्व्हर आणि नॉर्मन जोसेफ वुडलँड यांनी १९४९ मध्ये अर्ज करून १९५२ साली त्याचे पेटंट मिळविले. मोर्सच्या तारायंत्री लिपीतील टिंबे आणि रेघा खाली ओढून लांब केल्या तर काय होईल, ही कल्पना वुडलँडला समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत बोटे फिरविताना सुचली. तारखाते आणि टपाल यांचे जुने साहचर्य या आडवळणाने पुन्हा जुळले, ही मौजेची गोष्ट. परंतु वाचण्यास योग्य प्रकाशकिरण आणि स्वस्त संगणक नसल्यामुळे कल्पना वीस वर्षे पडून राहिली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरील पट्टी प्रथम वाचली गेली. पार्सलाच्या धंद्यात फेडरल एक्सप्रेस कंपनीने १९८६ मध्ये आपल्या माणसांच्या हाती वाचनयंत्र दिले. योगायोगाने त्याच वर्षाच्या १ ऑगस्टला भारतीय टपालखात्याने स्पीड पोस्ट सुरू केले.

स्पीड पोस्टच्या पाकिटावरील पट्टीखाली तेरा चिन्हे छापलेली असतात. दोन रोमन अक्षरे सेवेची, मग आठ आकड्यांचा अनुक्रमांक, एक पडताळ्याचा आकडा आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. हा नमुना जागतिक टपाल संघाने ठरविलेला आहे. पडताळ्याचा आकडा काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. अनुक्रमांकातील आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणावयाचे, गुणाकारांची बेरीज ११ ने भागावयाची आणि बाकी ११ मधून वजा करावयाची. उदाहरणार्थ २०६४०१८५ हा क्रमांक कल्पिला तर बेरीज १६० येते, बाकी ६ उरते, म्हणून पडताळ्याचा आकडा ५. कारकुनाने घाईत ०६ च्या जागी ६० लिहिले तर बेरीज १७२ होते, पडताळा ४ येतो आणि चूक तत्काळ उघडी पडते. वही लिहिणाऱ्या माणसाची सर्वांत सामान्य चूक, म्हणजे शेजारचे दोन आकडे उलटे लिहिणे, ती या गणिताने पकडली.

परंतु या तेरा चिन्हांत पुडके कोठे जावयाचे हे कोठेही नाही. पट्टी म्हणजे पुडक्याचे नाव. त्याचा पत्ता, मार्ग आणि प्रवास हे सर्व दुसरीकडे, संगणकातील खतावणीत असते. डबेवाल्याच्या खुणेत दिशा आहे आणि नाव नाही. बारकोडात नाव आहे आणि दिशा नाही. म्हणून खतावणी ज्याच्या मालकीची, त्याच्याखेरीज ही पट्टी कोणालाही काही सांगत नाही.

खतावणीत नोंदी पडतात त्या अशा. नग स्वीकारला, थैलीत घातला, थैली बंद केली, वर्गवारीच्या केंद्रात आली, वाटपाच्या कचेरीत उघडली, वाटपास निघाला, पोचला. थैलीलाही स्वतःची पट्टी असते. ती एकदा वाचली की आतील सर्व नग तेथे आले असे धरले जाते. म्हणजे पाठविणाऱ्याला दिसणाऱ्या नोंदींपैकी काही प्रत्यक्ष पाहिलेल्या नगाच्या असतात आणि काही अनुमानाच्या. जुन्या कचेरीत यादीशी नग ताडून पाहण्याचे जे काम थैली उघडताना होई, तेच येथेही व्हावे लागते. ते झाले नाही तर खतावणी निर्वेधपणे पुढे चालते आणि नग मागे राहतो.

तरीही कचेरी ते कचेरी या टप्प्यात यंत्र भरवशाचे ठरते, कारण दोन्ही टोकांना वाचनयंत्र असते. अडचण अखेरच्या टप्प्यात आहे. येथे एका टोकाला यंत्र असते आणि दुसऱ्या टोकाला घर. पनवेलमध्ये घराचा पत्ता ही एकच गोष्ट नाही. सिडकोने आखलेल्या भागांत सेक्टर आणि भूखंडाचा क्रमांक असतो. यंत्राला तो सहज पचतो. जुन्या शहरात लाईन आळी, कापड बाजार, कोळीवाडा, अमुक तळ्यामागे, तमुक देवळासमोर अशी वाट सांगितली जाते. भोवतालच्या गावठाणांत तर आडनाव एकच आणि घरे अनेक. असा पत्ता पोस्टमनच्या डोक्यात होता. वर्षानुवर्षे त्याच भागात हिंडल्यामुळे कोणाचे घर कोठे, कोणाची सून माहेरी गेली, कोणाचे पत्र शेजारी दिले तरी चालते, हे त्याला ठाऊक असे. आज पुडके आणणारा तरुण बहुधा काही महिन्यांपूर्वी कामास लागलेला असतो. त्याला नगामागे पैसे मिळत असतील तर घर शोधण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

येथेच साक्षीचा प्रश्न उभा राहतो. पैवस्ती घेणाऱ्याची होती. रजिस्टर पत्राची नोंद दोघांची होती. बारकोडाची नोंद मात्र, मूळ स्वरूपात, पोचविणाऱ्याची एकट्याची आहे. ‘पोचले’ हे तोच सांगतो. ‘घर बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘घेण्यास नकार’ हेही तोच. जुन्या पोस्टमनचे शेरे याच शब्दांत असत हे खरे, परंतु तेव्हा तो शेरा पाकिटावर लिहिला जाई आणि पाकीट परत येई. आता शेरा एका बोटाच्या स्पर्शाने होतो आणि घेणाऱ्याला तो फोनवर वाचावा लागतो, कित्येकदा तो घरीच बसलेला असताना. अशा खोट्या नोंदीचा सगळा दोष त्या तरुणावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या यंत्राने तो पुडक्याची नोंद करतो तेच यंत्र त्याची नोंद करीत असते. तो कोठे थांबला, किती वेळ थांबला, दिवसात किती नग उरले, हे सर्व त्याच खतावणीत चढते. सायंकाळी उरलेल्या नगांबद्दल जाब देण्याची पाळी ज्याच्यावर येणार, त्याच्याच हाती नगाचे काय झाले हे लिहिण्याचा अधिकार एकट्याने सोपविला, तर नोंद बिघडणारच. कोणत्याही महसुली दप्तराच्या अभ्यासकाला हे नवीन वाटणार नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या प्रथमच केली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. परंतु नोंदीच्या या एकतर्फीपणाला व्याख्येने उत्तर मिळत नाही.

व्यवस्थेला हा दोष उमगला असावा, असे अलीकडील बदलांवरून वाटते. खासगी कंपन्यांनी आणि पाठोपाठ टपालखात्याने घेणाऱ्याच्या फोनवर एक गुप्त अंक पाठविण्याची रीत काढली. तो अंक घेणाऱ्याने सांगितल्याखेरीज ‘पोचले’ ही नोंद होत नाही. काचेवर बोटाने केलेल्या वेड्यावाकड्या सहीपेक्षा हा पुरावा निश्चितच चांगला. हस्तांतराला दुसरा पक्ष पुन्हा मिळाला, पैवस्ती लिहिणारा हात परत आला, असे म्हणता येईल. मात्र तो हात ज्याच्याकडे फोन आहे त्याचाच. घरी असलेल्या सासूला अंक माहीत नसतो, सून वाशीला कामावर असते, आणि पुडके दारावरून माघारी जाते. शेजाऱ्याकडे ठेवण्याची जुनी सोय या पद्धतीत बसविणे अवघड आहे. २७ मे २०२५ रोजी टपालखात्याने प्रसिद्ध केलेला डिजिपिन हा दहा चिन्हांचा संकेत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवितो. गावठाणातील घर त्याने सापडेल. त्या घरातील चार सारख्या आडनावांपैकी माणूस कोणता, हे त्याने कळणार नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. कायद्याचे १८९७ मधील गृहीतक ज्या दोन-हाती नोंदीवर उभे होते, ती नोंद आता बारकोडाच्या खतावणीतून निघणार. त्या नोंदीला घेणाऱ्याची साक्ष जोडलेली आहे की केवळ पोचविणाऱ्याची, हे प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे पाहावे लागेल, आणि न्यायालयांप्रमाणेच पुढील काळच्या इतिहासकारालाही तो तपास चुकणार नाही.

इतिहासकाराची अडचण तर याहून मोठी आहे. पैवस्ती पत्रावर होती, म्हणून पत्र टिकले तेथे ती टिकली. वाटेतले शिक्के लिफाफ्यावर होते, म्हणून लिफाफा जपणाऱ्याने तेही नकळत जपले. बारकोडाची पट्टी खोक्याबरोबर रद्दीत जाते, आणि एखाद्याने ती जपली तरी तेरा चिन्हांपलीकडे तिच्यात काही नाही. खतावणीतील नोंद लोकांना काही काळच पाहावयास मिळते. खासगी कंपन्यांच्या खतावण्या कोणत्याही अभिलेखागाराकडे सोपविल्या जात नाहीत, आणि त्या तशा सोपवाव्यात असा नियमही नाही. पनवेलच्या एखाद्या वाड्यात सापडलेल्या मोडी पत्रावरून ते कोणत्या दिवशी पावले हे आज सांगता येते. त्याच वाड्यात गेल्या वर्षी आलेल्या पुडक्याबद्दल तसे सांगण्यास वाड्यात काही उरलेले नसते.